तंबाखूची सावड

पासलीतल्या बाप्यांबद्दल कुणी साळूबाईला विचारलं असतं, तर तिनं आधी बाजूला थुंकून घेतलं असतं. तिच्या लेखी गावात दोनच जातीचे पुरुष होते. काम टाळायला निमित्त शोधणारे, आणि निमित्त शोधायचाही कंटाळा करणारे. तिच्या शेजारचा, नात्यानं चुलत दीर लागणारा गेनबा पहिल्यात मोडायचा आणि वरच्या आळीचा चिमाजी दुसऱ्यात. पाटील दोन्हींत मोडतो असं ती म्हणे, आणि तेही पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना म्हणे.

तिचं बोलणं गाव ऐकून घेई, कारण गावाला तिच्याबाबतीतलं आपलं वागणं ठाऊक होतं. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा दोन दिवसांच्या तापानं गेला तेव्हा मुलगी रतन अंगावर पीत होती. भाऊबंद दुखवट्याला आले ते खाचरांवर नजर ठेवूनच आले. जमीन वाट्यानं लावून माहेरी जा, असा सगळ्यांनी शहाणपणाचा सल्ला दिला. साळूबाईनं त्यांना पिठलं-भाकर वाढली आणि उंबऱ्याबाहेर घातलं.

अडचण सावडीची होती. वेल्ह्याच्या या बाजूला भाताचं काम एकट्या घरानं कधीच उरकत नाही. आज चार घरची माणसं माझ्या खाचरात उतरतात, उद्या मी त्यांच्या खाचरात उतरायचं. त्यात पैसा नाही आणि धान्यही नाही, दिवसाला दिवस फेडायचा. यालाच सावड म्हणायचं. पण पुरुषाच्या नांगरटीच्या दिवसाला बाईचा दिवस चालत नसे, आणि साळूबाईच्या घरात पुरुष नव्हता. तेव्हा तिनं कासोटा आवळला आणि स्वतः नांगर धरला. बाई नांगराला लागली म्हणून लोकांनी आधी कानांवर हात ठेवले, मग हसून घेतलं, आणि शेवटी तिच्या नांगराचे तास आपल्यापेक्षा सरळ पडतात हे पाहून गप्प बसले. तिचा दिवस बाप्याच्या दिवसाइतका धरला जाऊ लागला.

तरी एक गोष्ट राहिली होती. विसाव्याला माणसं बांधावर गोल करून बसली की चिलीम फिरे. ओलं फडकं गुंडाळलेली ती चिलीम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई आणि साळूबाईपाशी आली की तिला ओलांडून पलीकडच्या हातात पडे. एके दिवशी ती ओलांडून जात असतानाच साळूबाईनं मधेच हात घातला, चिलीम घेतली, दोन झुरके मारले आणि पुढे दिली. खोकून तिचे डोळे भरले होते, पण ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही. त्या दिवसापासून चिलमीनं तिला कधी ओलांडलं नाही. ती धुराला भुलली नव्हती. गोलातली जागा घ्यायला ती बसली होती, आणि मग धूर अंगात राहिला. रतन लग्नाची झाली तोवर साळूबाईची स्वतःची चिलीम होती, कमरेला तंबाखूची चंची होती, आणि चुलीपुढे बसून ओढायची सवय होती.

रतन विंझरला दिली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. थंडीचे दिवस, दार लावलेलं, आत चूल आणि चुलीपुढे साळूबाईची चिलीम. मुलगा झाला. तो पहिल्या आठवड्यापासून खोकायला लागला आणि महिना भरायच्या आत गेला. साळूबाईनं गार वाऱ्याला दोष दिला, दृष्ट लावणाऱ्या बायकांना दिला. रतन तेव्हा काही बोलली नाही.

ती बोलली दोन वर्षांनी. संक्रांतीला तिळगूळ घेऊन साळूबाई विंझरला गेली तेव्हा रतनला पुन्हा दिवस गेलेले होते. परसात भांडी घासता घासता, वर न बघता, रतन म्हणाली, "आये, ह्या खेपेला म्या येत न्हाई."

"का गं?"

"पहिला तुझ्या धुरानं गेला."

साळूबाईनं तिथल्या तिथं चिलीम सोडल्याची शपथ घेतली. रतन भांडी घासत राहिली. असली शपथ आईनं मागंही घेतली होती, त्या गेलेल्या पोराच्याच गळ्याची, आणि ते रतनला आठवत होतं. तेवढ्यात विहीण सगुणाबाई मधे पडली. या बाईचं विंझरात लहानसं दुकान होतं. दुकानात मिठाच्या पोत्यावर तंबाखूच्या जुड्या टांगलेल्या असत आणि बाईच्या दातांवर सकाळ-संध्याकाळ भाजल्या तंबाखूची मिश्री असे. आमच्या घरात असलं काही चालत नाही, सूनबाई हितंच बरी, असं ती पिंक सांभाळत म्हणाली. साळूबाईनं तिच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि आपली टोपली उचलली.

वाटेत नदीच्या डोहात तिनं चिलीम फेकून दिली. एकटीनं नांगर धरला, एकटीनं पोर वाढवली, तिथं ही मातीची नळी काय जड होती?

ती जड निघाली. तिसऱ्या दिवशी साळूबाईनं विनाकारण म्हशीच्या पाठीत काठी घातली. चौथ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. त्यानंतर एका सकाळी ती गोठ्यामागे उकिडवी बसून आपट्याच्या पानात तंबाखू वळत होती, आणि आपण चोरासारखं इकडे-तिकडे बघतोय हे तिचं तिलाच कळलं. तिला स्वतःची किळस आली. किळस करत तिनं विडी शेवटपर्यंत ओढली. आपणही शेवटी या गावच्या बाप्यांसारख्याच निघालो, याहून वाईट शिवी तिला माहीत नव्हती.

तेव्हाच गावात एक नवं हसं झालं होतं. गेनबाला दमा होता. भोरच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, चिलीम सोड, नाहीतर पुन्हा माझी पायरी चढू नकोस. चिमाजीनं चिलमीतला निखारा झटकताना स्वतःची पेंढ्याची गंजी पेटवून दिली होती, आणि बायकोनं, ठकुबाईनं, त्याचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं होतं. दोघांनी आपापल्या परीनं सोडून पाहिलं. पण जिथं बसावं तिथं चिलीम फिरत यायची, आणि कुणी पुढे केलेली चिलीम नाकारणं म्हणजे त्या माणसाला नाकारणं. मग गेनबाच्या डोक्यातून निघालं की याचीही सावड घालावी. तुझ्या तलफेच्या वेळेला मी येऊन तुझ्याजवळ बसतो, माझ्या वेळेला तू ये. चिलीम फिरत आली तर ज्याची वेळ नाही त्यानं ती हातात घ्यायची आणि न ओढता पुढच्याला द्यायची. म्हणजे नाकारल्यासारखं होत नाही, आणि दुसरा वाचतो.

हे साळूबाईला कवळ तोडताना कळलं. माघ-फाल्गुनात झाडांच्या पाल्याच्या फांद्या तोडून खाचरात पसरतात आणि वाळल्या की भाताच्या रोपासाठी त्यांचा राब भाजतात. त्या फांद्यांना कवळ म्हणतात. साळूबाई ऐनाच्या झाडावर होती. खाली बायका हे सांगून हसत होत्या. वरून ती म्हणाली, "उद्या शेंबूड पुसायलाबी सावड घालतील म्हणावं." तिचं हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि गेनबाच्या कानावरही गेलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर साळूबाई झाडावरून उतरून बांधावर बसली. ही तिची जुनी वेळ. हात आपोआप कमरेच्या चंचीकडे गेला. तेवढ्यात धापा टाकत गेनबा आला आणि दोन हातांवर येऊन टेकला.

"कशाला आलायस?"

"बसायला."

"तुला दुसरा धंदा न्हाई?"

"न्हाई, वैनी."

तिनं त्याला त्याच्या दम्यावरून, त्याच्या वाकड्या तासांवरून आणि त्याच्या बापाच्या आळसावरून बोलून घेतलं. त्यानं सगळं ऐकलं, मधेच एका काटकीनं दात कोरले, आणि ऊन कड्यावरून खाली उतरल्यावर उठून गेला. बोलण्याच्या नादात साळूबाईची चंची उघडायची राहून गेली होती. हा माणूस मूर्ख आहे याबद्दल तिची आता खात्री झाली.

तो पुढच्या दिवशीही आला, आणि त्याच्या पुढच्याही. मग एका सकाळी भाकरी थापताना साळूबाईचा हात थांबला. हा माणूस आपल्या बांधावर येऊन बसला आणि आपण त्याची फेड केली नाही. तिच्या आयुष्यात तिनं कुणाचा एक दिवस अंगावर ठेवला नव्हता. मानमोडीच्या साली ज्यांनी नवऱ्याला खांदा दिला, त्यांच्यासुद्धा खाचरात ती त्याच पावसाळ्यात उतरली होती. आणि आता हा दमेकरी, न मागता, न विचारता, तिच्या डोक्यावर दिवस चढवून बसला होता. यासारखी लबाडी तिनं पाहिली नव्हती. तिला वाटलं, ह्याला मूर्ख म्हणण्यात आपली चूक झाली.

त्याच संध्याकाळी, गुरं गोठ्यात आल्यावर, ती गेनबाच्या ओटीवर जाऊन बसली. ती त्याची वेळ होती. गेनबाची बायको चंद्राबाई गूळपाणी घेऊन बाहेर आली आणि तिला बघून दारातच थबकली. साळूबाईनं पाणी घेतलं नाही.

"तुझं फेडाया आलीय," ती गेनबाला म्हणाली. "हौस म्हणून न्हाई."

"बसा की, वैनी."

"बसलीच हाय. तुला कुठं दिसतंय?"

अशी साळूबाई त्या सावडीत आली. तिला विचाराल तर ती आलीच नव्हती, ती फक्त फेडत होती. पण गेनबा रोज सकाळी नवा दिवस चढवायचा आणि तिला रोज संध्याकाळी तो उतरवावा लागायचा, त्यामुळे हिशेब कधी बरोबरीला येऊन थांबलाच नाही. मग चिमाजीही तिच्या वाट्याला आला. चिमाजीच्या तलफेला वेळ-काळ नव्हता, आणि तलफ आली की तो बोलायचा. सासुरवाडीच्या म्हशीबद्दल, नसरापूरच्या बाजारात बघितलेल्या दोन डोक्यांच्या वासराबद्दल, आपल्या पोटातल्या वायूबद्दल. साळूबाई पाठ करून बसायची आणि ऐकायची. धूर सोडण्यापेक्षा याला ऐकणं जास्त कठीण आहे, असं तिनं गेनबाला एकदा सांगितलंही.

त्याच चिमाजीला तिनं देवळामागे पकडलं. फुटक्या चिलमीचं खापर तोंडाला लावून, डोळे मिटून तो उभा होता. तिनं ते खापर त्याच्या हातून घेतलं आणि दगडावर आपटलं. तो रडवेला होऊन सांगू लागला की आज ठकुबाई बोलली, आज पाठीत उसण भरली, आज तर अमावास्या आहे. साळूबाईनं त्याची सगळी कारणं ऐकून घेतली. त्यातलं एकही नवं नव्हतं, गोठ्यामागे तिची स्वतःला ती सगळी सांगून झाली होती. हे मात्र ती बोलली नाही. उद्या तुझ्या कवळाला येते, तुला मोकळा सोडण्यापेक्षा ते बरं, एवढंच म्हणून ती चालती झाली.

शिमग्याला ती स्वतः पडली. गेनबा भोरला औषधाला गेला होता आणि चिमाजी होळीच्या लाकडांमागे कुठं गडप झाला होता ते देवालाच ठाऊक. होळीभोवती गोल बसला. भिमा नावाच्या एका तरण्याबांड पोरानं चिलीम पुढे केली आणि हसत म्हणाला, "घ्या काकू, का तुमचे राखणदार आल्याबिगर घेत न्हाई?" साळूबाईनं त्याला उत्तर म्हणून चिलीम घेतली. एक झुरका उत्तर म्हणून मारला, आणि पुढचे सगळे तिचे स्वतःचे होते.

सकाळी गेनबा बांधावर आला तेव्हा ती आधीच बसली होती.

"म्या ओढली," ती म्हणाली. "काय बोलायचं ते बोल."

गेनबानं थोडा वेळ श्वास जमवला. "उद्या कुठं येऊ?" त्यानं विचारलं. "हितं का दारात?"

तिला त्याचा भयंकर राग आला. चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला उलट चार देता आल्या असत्या. एवढंसुद्धा या माणसाला जमत नव्हतं.

चैत्र लागला. रतनचा सातवा सरत आला होता. आठव्यात लेकीला घराबाहेर काढत नाहीत, म्हणजे आणायची तर आत्ताच. साळूबाईनं दोनदा निरोप धाडला की मी चिलीम सोडली, न्यायला येते. दोन्ही वेळा विंझरहून निरोप आला की येऊ नको.

ती एकटीच गेली असती, पण गेल्याचा उपयोग काय ते तिला कळत होतं. तिची शपथ त्या घरात चालत नव्हती. आणि अंगाचा वास घेऊन खात्री करावी, तर सगळ्या खोऱ्यात राब भाजत होते. डोंगराच्या उतारावर, बांधाबांधावर धूर होता, माणसांच्या केसांत, लुगड्यात, पाण्याच्या घागरीतसुद्धा धूर होता. चिलीम कधी न शिवलेल्या बाईच्या पदरालाही धुराचाच वास येत होता. साळूबाईनं चिलीम सोडली हे सांगू शकतील अशी या जगात दोनच माणसं होती, आणि त्यांच्याबद्दल तिचं मत सर्वांना माहीत होतं.

फेडायला ती कुणाच्याही दारात जाई. मागायला ती कधी गेली नव्हती. नांगर धरला होता तो यासाठीच. त्या संध्याकाळी ती गेनबाच्या ओटीवर नेहमीसारखी बसली, उठायची वेळ झाली तरी बसून राहिली. चिमाजी म्हशीचं सांगत होता. त्याचं बोलणं तोडून, अंगणाकडे बघत ती म्हणाली, "उद्या माझ्यासंगं विंझरला चला. दोघंबी."

चिमाजी चक्क गप्प झाला. गेनबानं कधी निघायचं एवढंच विचारलं.

विंझरला सगुणाबाईनं तिघांना ओट्यावर बसवलं. आत या म्हणाली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ती उठली, साळूबाईच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "वास तर येतोय की, इहीणबाई."

"तुमच्या दाताला काय देवाचा अंगारा लावलाय, इहीणबाई?" साळूबाई म्हणाली. "आणि राबाचा वास कळंना, तर शेतकऱ्याच्या घरात कशाला ऱ्हाता?"

रतन दाराआड उभी होती, ती पुढे आली. पोट वर आलं होतं, चेहरा उतरला होता. आईकडे न बघता तिनं त्या दोघांना विचारलं. चिमाजीनं छातीवर हात ठेवला. साळूवैनीनं संक्रांतीपासून चिलमीला बोट लावलं नाही, देवी मेंगाईची आण, लावलं असेल तर माझी दोन्ही बैलं मरोत, असं तो एका दमात बोलून गेला. त्याच्याकडे एकच बैल होता.

रतननं मान गेनबाकडे वळवली. "नाना, तुमी सांगा."

चढ-उताराच्या वाटेनं गेनबाची छाती अजून वाजत होती. त्यानं साळूबाईकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी त्याला गप्प राहायला सांगितलं, आणि ते त्याला नीट कळलंही.

"शिमग्याला एकदा ओढली," गेनबा म्हणाला. "म्या बसाया लागायच्या अगुदर ओढत हुती, ते म्या बघितलंय. शिमग्यानंतर न्हाई. रोज सकाळी म्या तितंच असतो."

सगुणाबाईनं समाधानानं पिंक टाकली. साळूबाईला वाटलं, या माणसाला आणला तिथंच आपलं चुकलं. लेक गेली, नातवंड गेलं, आणि घालवलं कुणी, तर खरं बोलायची खाज असलेल्या एका दमेकऱ्यानं. वाटेत याला कड्यावरून ढकलायचा की नुसतं बोलणं टाकायचं, एवढाच प्रश्न तिच्यापुढे उरला होता.

रतन आईजवळ येऊन खाली बसली. पोटामुळे तिला भिंतीला हात लावून बसावं लागलं.

"एकदाच?"

"एकदा म्हंजी पोटभर," साळूबाई म्हणाली. आता लपवायला काही राहिलं नव्हतं. "भिमाची चिलीम पार झाडून दिली."

"मग तूच का न्हाई सांगितलंस?"

"तू मला इचारलंस कवा?"

रतनला आजवर आईकडून फक्त सोडल्याच्या शपथा मिळाल्या होत्या. पडल्याची बातमी पहिल्यांदाच मिळत होती. ती गेनबाला म्हणाली, "नाना, बाळंतपण व्हऊन सव्वा म्हैना होईस्तोवर तुमी रोज येणार का?"

"बांधावर का दारात?" गेनबानं विचारलं.

"दारात. आणि आयेनं चुलीम्होरं बसायचं न्हाई, चंद्राकाकूनं सैपाक करायचा."

चंद्राबाईला न विचारता गेनबानं मान हलवली. सगुणाबाई काहीतरी म्हणू लागली, पण रतन उठून आत गेली आणि गाठोडं बांधू लागल्याचा आवाज आला. जावई शेजाऱ्याची गाडी मागायला गेला. मेंगाईच्या वारी निघायचं नाही म्हणून सगुणाबाईनं अजून एकदा खोडा घालून पाहिला, तेव्हा चिमाजीनं तिला मेंगाईचा वार मंगळवार असतो आणि आज गुरुवार आहे, हे अत्यंत नम्रपणे सांगितलं. त्या दिवशी चिमाजीच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक कामाचं बोलणं, असं साळूबाईनं नंतर मान्य केलं.

दुपार कलल्यावर गाडी वेल्ह्याच्या पुढे खिंडीच्या चढणीला लागली. रतन पेंढ्यावर टेकून झोपली होती, जावई बैलांपुढे चालत होता. दोन्ही बाजूंच्या उतारांवर राब धुमसत होते. गेनबा मागे पडत चालला होता. दर दहा-वीस पावलांवर थांबून गुडघ्यांवर हात ठेवी. चिमाजी त्याच्याशी बोलत होता, आणि बोलायला माणूस उभा राहिलाय याचंच त्याला बरं वाटत असावं.

साळूबाईनं मागे वळून दोघांकडे पाहिलं. एकाला धड चालता येत नव्हतं, दुसऱ्याला धड गप्प बसता येत नव्हतं. पोटची पोर आईच्या शब्दावर आली नाही, ती असल्यांच्या शब्दावर आली.

तिनं जावयाला हाक मारून गाडी थांबवायला सांगितली. पायात काटा मोडलाय म्हणाली आणि कडेच्या दगडावर बसली. चिमाजी लगबगीनं पुढे आला, कुठल्या पायात, मी काढतो, माझा हात हलका आहे.

"हात लावू नगंस," साळूबाई म्हणाली आणि गेनबा वर पोहोचून त्याचा श्वास बसेपर्यंत ती टाच चाचपत राहिली.